आधी सांगू दे, मग लिहू दे

गेल्या अंकात मी पहिली ते चौथीच्या मुलांकडून त्यांच्या स्वतःच्या आठवणी लिहून घेण्याबद्दल लिहिलं होतं. 'माझी शाळा', 'पावसाळा', 'माझा आवडता प्राणी' असल्या दहा ओळी पाठ करून घेण्यापेक्षा मुलाच्या आयुष्यात खरोखर घडलेली एक लहानशी गोष्ट त्याला लिहू द्यावी, एवढंच त्यातलं म्हणणं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत. माझी सगळी नोकरी कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, त्याही बहुतेक द्विशिक्षकी. त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील.

प्रश्न : बाई, तुमचा लेख वाचून मी तिसरीच्या वर्गाला 'माझ्या आठवणीतला दिवस' हा विषय दिला. सगळ्या वह्या सारख्याच आल्या. 'आम्ही जत्रेला गेलो. पाळण्यात बसलो. भेळ खाल्ली. खूप मजा आली. मग आम्ही घरी आलो.' गणपतीपुळ्याला गेलेल्यांचंही तेच आणि मामाकडे गेलेल्यांचंही तेच. मुलांकडे सांगण्यासारखं काही नाही, की मीच कुठे कमी पडते?
(शिक्षिका, चिपळूण तालुका)

मुलांकडे भरपूर आहे आणि तुम्हीही कमी पडत नाही. घोळ विषयात आहे. 'आठवणीतला दिवस' म्हटलं की मुलाला वाटतं, बाईंना काहीतरी मोठं हवंय. मग ते जत्रा, सहल, वाढदिवस असलं काहीतरी शोधतं. एवढी मोठी गोष्ट पाच ओळींत बसवायची म्हटल्यावर तपशील गळून जातो आणि गेलो, बसलो, खाल्लं, आलो एवढंच हातात राहतं. 'खूप मजा आली' हे वाक्य तर मुलाचं नसतंच, ते निबंधाच्या वहीचं असतं.

अमेरिकेतल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत मुलांना सांगतात, की अख्ख्या कलिंगडावर लिहू नका, त्यातल्या एका बीवर लिहा. जत्रा हे कलिंगड. पाळणा वर जाऊन थांबला आणि खालच्या गर्दीत आई दिसेना, ही बी. मला ही उपमा फार उपयोगी वाटते, कारण ती तिसरीतल्या मुलालाही एका झटक्यात कळते. पुढच्या वेळी मूल स्वतःच विचारतं, "बाई, ही बी आहे का?"

आता वर्गात काय करायचं ते सांगते. फळ्यावर विषय लिहू नका. वह्या दप्तरातच राहू द्या. जमिनीवर गोल करून बसा आणि आधी तुम्ही तुमची एक आठवण सांगा. ती लहान हवी, आणि तीत तुम्ही शहाण्यासारखं वागलेलं नसलं तर उत्तम. मी माझ्या वर्गांना पहिल्या पावसातल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, सांगायचे. रात्री बॅटरी घेऊन आम्ही भावंडं व्हाळाला, म्हणजे ओढ्यावर, गेलो, धाकट्या भावानं पकडलेली कुर्ली पिशवीतून सुटली आणि अंधारात ती कुठे गेली कळेना, म्हणून आम्ही सगळे एका पायावर उभे राहिलो. बस, एवढंच. गोष्ट संपायच्या आत चार हात वर झालेले असायचे, कारण कुर्ली प्रत्येकाच्या घरी असते. मग जोड्या करा आणि मुलांना एकमेकांना सांगू द्या. वर्गात गोंगाट होईल, होऊ द्या. त्या तासाला कुणीही काही लिहायचं नाही. लिहायचं दुसऱ्या दिवशी.

आणि या मधल्या वेळात तुमचं खरं काम असतं ते प्रश्न विचारायचं.

चौथीतला एक मुलगा होता. वडील मुंबईला कामाला, चतुर्थीला आणि शिमग्याला तेवढे गावी येणार. त्यानं लिहिलं होतं, 'चतुर्थीला बाबा आले. त्यांनी मला कंपास आणली. खूप मजा आली.' मधल्या सुट्टीनंतर मी व्हरांड्यात त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"बाबा कधी पोचले?"
"सकाळी. काळोख होता."
"तू जागा होतास?"
"आजयेन उठवल्यान."
"आल्या आल्या बाबांनी काय केलं?"
"बूट काढले नि न्हाणीत गेले."
"आणि तू?"

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग खाली बघत म्हणाला, "बूट घातलंय."
"कसे होते?"
"मोठे. भुतूर गरम होते."

दुसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं ते असं : 'बाबा आले तेव्हा काळोख होता. आजीने मला उठवले. बाबांनी पडवीत बूट काढले आणि न्हाणीत गेले. मी बूट पायात घातले. ते आतून गरम होते. मी पडवीत चाललो. टक टक आवाज आला. आजी म्हणाली, "काड ते, पडशीत."'

यात कंपास नाही आणि मजाही नाही. बाबांची आठवण येते, बाबा मला आवडतात, असलंही एक वाक्य नाही. पण वाचणाऱ्याला सगळं कळतं. अशा वेळी शिक्षकाच्या हाताला खाज सुटते, की शेवटी एक छानसं वाक्य घालायला सांगावं. अजिबात सांगू नका. ते घातलं की मूल पुन्हा निबंधाच्या वहीत जाऊन बसतं.

तुम्ही बघाल, मी त्याला 'तुला कसं वाटलं?' असं एकदाही विचारलं नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडून त्याचं उत्तर 'छान' किंवा 'वाईट' असंच येतं, आणि तिथे दार बंद होतं. त्याऐवजी विचारा : तू कुठे उभी होतीस? तुझ्या हातात काय होतं? कोण काय बोललं, त्यांच्याच शब्दांत सांग. वास कसला येत होता? भावना त्या उत्तरांच्या पाठोपाठ आपोआप येते. आणि एका मुलाला चार-पाच प्रश्नांच्या वर विचारू नका, नाहीतर ती उलटतपासणी होते.

पटसंख्या जास्त असेल तर सगळ्यांशी एकाच दिवशी बोलणं होणार नाही. रोज तीन-चार मुलं घ्या. बाकीची शेजारी बसून ऐकतात आणि पंधरवड्यात तेच प्रश्न एकमेकांना विचारायला लागतात. मी सांगते त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच. बाई नसताना शेजारच्या मुलीनं "मग आजी काय म्हणाली?" असं विचारलं, की त्या वर्गात आठवणी लिहिणं सुरू झालं असं समजा.

'मग, मग, मग' अशी साखळी करणारी मुलं असतात, त्यांना 'मग' लिहू नको म्हणून सांगू नका. लिहून झालं की मोठ्यानं वाचायला लावा आणि विचारा, "यातला कुठला 'मग' तुला सगळ्यात जास्त आठवतो?" मूल बोट ठेवतं. म्हणायचं, उद्या तेवढाच लिही.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत. तिला अजून जोडाक्षरं येत नाहीत, पण दिवसभर काही ना काही सांगत असते. एवढ्या लहान वयात आठवणी 'लिहून' घेण्यात अर्थ आहे का? की तिसरी-चौथीपर्यंत थांबू?
(एक आई, ठाणे)

थांबू नका. थांबलात तर आठवणीच निघून जातील, हे मी शब्दशः म्हणते आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलं तीन वर्षांची असताना त्यांना आयांबरोबर घडलेल्या प्रसंगांबद्दल बोलतं केलं आणि नंतर निरनिराळ्या वयांत तेच प्रसंग पुन्हा विचारले. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले ६० टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सुमारे ३५ टक्के. म्हणजे तुमच्या मुलीजवळ आज जे आहे, त्यातलं कितीतरी ती चौथीत जाईपर्यंत तिच्याजवळ नसेल. आपल्या मोठ्या माणसांच्या आठवणी साधारण वयाच्या साडेतीन वर्षांनंतरच्याच असतात, त्या याचमुळे.

पहिलीत लिहायचं काम तुमचं, सांगायचं तिचं. आधी तिला चित्र काढू द्या. ते काढता काढता ती बोलेल. तिनं म्हटलेली दोन किंवा तीन वाक्यं चित्राखाली मोठ्या, सुट्या अक्षरांत तिच्यासमोर लिहा. ती जशी बोलली तशीच. ती म्हणाली, "मांजरीनं माझ्याकडे असं बघितलं ना, की मी दूध सांडलंच," तर ते 'मांजरीला पाहून माझ्या हातून दूध सांडले' असं करू नका. मग शब्दांखालून बोट फिरवत तिला वाचायला सांगा. वाक्य तिचं स्वतःचं असल्यामुळे पुढचा शब्द काय येणार हे तिला ठाऊक असतं, आणि जोडाक्षरावर ती अडखळत नाही. वाचायला शिकवण्याचा याहून चांगला उतारा मला तरी पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

दुसऱ्या सत्रात तिच्याच वाक्यातला एखादा शब्द रिकामा सोडा आणि तेवढा तिला लिहू द्या. दुसरीत गेली की ती तीन-चार वाक्यं स्वतः लिहील. घाई नको.

आणखी एक. घरी संध्याकाळी "आज शाळेत काय झालं?" असं विचारलं तर "काही नाही" हेच उत्तर येतं. "डबा खाताना शेजारी कोण बसलं होतं?" असं विचारून बघा.

प्रश्न : आमच्या गावातली निम्मी कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, ती मार्च-एप्रिलला परत येतात. तोवर वाचणं-लिहिणं मागे पडलेलं असतं. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. यांच्याकडून आठवणी लिहून घेणं म्हणजे चैन वाटते. आधी बाराखडी नको का?
(शिक्षक, बीड जिल्हा)

गुरुजी, बाराखडी हवीच. पण ती कशातून पक्की करायची, हे ठरवणं आपल्या हातात आहे. जे मूल पाच महिन्यांनी वर्गात येतं, त्याला पहिल्या दिवशी आपण काय सांगतो? तुझं हे राहिलं, ते राहिलं. त्याच्याजवळ काहीतरी जास्तीचं आहे असं त्याला कुणीच म्हणत नाही. आणि असतं तर खूपच. कोपी (राहायची झोपडी) कशी उभी करतात, पाचट (उसाची वाळलेली पानं) कुठे अंथरतात, मोळी कशी बांधतात, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) कुणाला विकतात, वजनकाट्यावर गाडीचा नंबर लागेपर्यंत माणसं काय करतात. मी कोकणातली, मला यातलं काही ठाऊक नाही. तुमच्या शाळेतही गावात राहिलेल्या मुलांना सगळं ठाऊक नसणार. परत आलेल्या मुलाला मध्ये बसवा आणि बाकीच्यांना विचारू द्या. त्या तासाला ते मूल शिकवतंय आणि वर्ग शिकतोय.

लिहिताना त्याचा हात अडेल, तर लिहिणारा जोडीदार द्या. सांगणार तो, लिहिणार दुसरा. मग त्यानं ते वाचायचं आणि त्यातले पाच शब्द आपल्या वहीत उतरवायचे. 'कोपी', 'मोळी', 'कोयता' हे शब्द घेऊन काना, मात्रा, वेलांटी, ओकार सगळं होतं. 'कमळ' आणि 'गवत' यांच्याइतकेच ते सोपे आहेत.

मागे राहिलेल्या मुलांना विसरू नका. त्यांना आईबापांबद्दल थेट विचारू नका, गळा दाटून येतो आणि मूल गप्प होतं. "फोन कुणाच्या मोबाइलवर येतो? आधी कोण बोलतं? आई पहिल्यांदा काय विचारते?" इथून सुरुवात करा.

एक काळजी मात्र घ्या. हे लिखाण भेटीला येणाऱ्या साहेबांना दाखवण्यासाठी नाही. 'बघा, बिचारी काय लिहितात' म्हणून ते भिंतीवर लागलं, की पुढच्या वेळी मुलं बिचारेपण लिहायला शिकतात. ऊसतोडीची आठवण दुःखाचीच असली पाहिजे असंही नाही. बैलाला नाव ठेवल्याची असेल, थंडीत शेकोटीपाशी ऐकलेल्या गोष्टीची असेल. ती कशाची असेल हे मुलानं ठरवायचं.

आणि चैन म्हणाल, तर १८५५ साल आठवा. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदाएक वर्षांच्या मुलीनं आपल्या मांग-महार समाजाच्या हालांबद्दल निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचं शिक्षण जेमतेम तीन वर्षांचं. आपल्या लोकांवर गुदरलेलं ती लिहू शकली, कारण ते लिहिण्याजोगं आहे असं सांगणारी माणसं तिच्या शाळेत होती.

प्रश्न : माझ्या मुलानं शाळेत आठवण लिहिली, की आम्ही कोल्हापूरला गेलो असताना तो रंकाळ्यावर हरवला आणि एका भेळवाल्यानं त्याला सांभाळलं. प्रसंग खरा आहे, पण तेव्हा तो दीड वर्षाचा होता. त्याला हे आठवणं शक्य नाही. आम्हीच शंभरदा सांगितलंय. तो म्हणतो, "मला भेळवाल्याचा शर्टसुद्धा आठवतो." हे खोटं लिहिणं नव्हे का? रागवावं का?
(एक वडील, पुणे)

मुळीच रागवू नका. तो खोटं बोलत नाही, त्याला तो शर्ट खरोखर दिसतो आहे. बालमानसशास्त्रातलं मोठं नाव ज्याँ पियाजे. त्यांना स्वतःला लहानपणीचा एक प्रसंग लख्ख आठवायचा : पॅरिसमध्ये ते बाबागाडीत बसले आहेत, कुणीतरी त्यांना पळवायला बघतंय, दाई त्या माणसाशी झटते आहे, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे. पियाजे पंधराएक वर्षांचे असताना त्या दाईचं पत्र आलं. तो सगळा प्रसंग तिनं रचलेला होता. बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळही तिनं परत केलं. घडलेलंच नाही ते पियाजेंना आठवत होतं, कारण घरात ते वारंवार सांगितलं गेलं होतं. तुमच्या मुलाचा प्रसंग तर निदान घडलेला आहे.

पण तुमच्या प्रश्नात एक चांगली गोष्ट आहे, ती वाया घालवू नका. दुसरी-तिसरीतलं मूल 'मला आठवतं' आणि 'मला सांगितलं' यांतला फरक समजू शकतं, फक्त कुणीतरी तो त्याच्यापुढे ठेवायला हवा. त्याला म्हणा, "बाबा सांगतात, की तू हरवलास तेव्हा... असं सुरू करून बघ." मग त्यात बाबांचा आवाज येईल, आईचं मध्येच दुरुस्त करणं येईल, आजीचं "अरे, भेळवाला नव्हे, कणीसवाला होता" हेही येईल. घरात एखादी गोष्ट कशी सांगितली जाते, ही त्याची स्वतःची आणि अगदी खरी आठवण आहे.

यातून शिक्षकांनीही एक धडा घ्यायला हवा. लहान मुलं मोठ्यांच्या प्रश्नातलं उत्तर पटकन उचलतात. "तेव्हा तू घाबरला होतास ना?" असं विचारलं, की तो घाबरलेला होताच असं समजा. "पाऊस होता का?" यापेक्षा "बाहेर कसं होतं?" हे बरं.

प्रश्न : आमच्याकडे मुलं घरी अहिराणी बोलतात. आठवणी लिहायला सांगितल्या तर 'मनी माय' असं लिहितात. मी खोडून 'माझी आई' करते. शुद्धलेखनाच्या चुका तर प्रत्येक ओळीत. केंद्रप्रमुख वह्या बघतात तेव्हा लाल शाई दिसली नाही तर विचारतात. किती आणि काय दुरुस्त करायचं?
(शिक्षिका, धुळे जिल्हा)

पहिल्या वाचनाला पेन हातात घेऊच नका. वही घ्या, वाचा, आणि मुलाला मजकुराबद्दल एक वाक्य बोला : "म्हैस गोठ्यातून सुटली तेव्हा तू खाटेवर चढलास, हे मला फार आवडलं." त्यानं लिहिलं ते कुणीतरी वाचलं, हे त्याला आधी कळू द्या.

दुसऱ्या वाचनाला एकच गोष्ट निवडा. एका वहीत एक. जिच्यामुळे वाक्य वाचताना अडतं ती आधी. वाक्य कुठे संपलं ते कळत नसेल तर पूर्णविराम घ्या. 'आनी', 'पानी', 'मि' ही मंडळी प्रत्येक वहीत असतात, त्यांच्यासाठी भिंतीवर तक्ता लावा : आणि, पाणी, मी, नाही, होती, तिथे. मुलं लिहिताना मान वर करून बघतात. एकाच पानावर चौदा लाल खुणा पडल्या, तर मूल पुढच्या वेळी फक्त त्याला येणारे शब्द लिहितं. आठवण लहान होत जाते आणि वही स्वच्छ दिसायला लागते.

अहिराणीचं म्हणाल, तर अवतरणचिन्हातला एक शब्दही बदलू नका. माय अहिराणीत बोलली तर ती कागदावरही अहिराणीतच बोलणार. माझ्या वर्गांत आजी नेहमी मालवणीतच बोलायची, आणि त्या निमित्तानं दुसरीतली मुलं अवतरणचिन्हं शिकली, जी एरवी चौथीतही घोटाळ्यात पडतात. बाकीच्या मजकुरात पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत जे येईल ते येऊ द्या. तिसरीपासून मुलालाच विचारा, "ही वही पुण्याच्या मुलानं वाचली तर त्याला कळेल का? कुठला शब्द त्याला सांगावा लागेल?" बहुतेक वेळा मूल स्वतःच एक-दोन जागी प्रमाण भाषेतला शब्द घालतं, आणि 'माय' तशीच ठेवतं. ठेवू द्या.

केंद्रप्रमुखांसाठी वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा, की या लेखनात पूर्णविराम घेतला, पुढच्यात 'ण' घेणार. मी असंच करायचे. नोंद दिसली की तपासणीला येणाऱ्यांचं समाधान होतं, आणि ती आपल्यालाही उपयोगी पडते.

प्रश्न : दुसरीतल्या एका मुलीनं लिहिलं, की रात्री बाबा पिऊन येतात, आईला मारतात, आणि ती कपाटामागे लपते. मी सुन्न झाले. वर्गात सगळ्यांच्या आठवणी वाचायचं ठरलं होतं. काय करायचं?
(शिक्षिका, गाव लिहू नये ही विनंती)

ती आठवण वर्गात वाचायची नाही. भिंतीवर नाही, वही दुसऱ्या मुलाच्या हातात नाही, शिक्षकखोलीत चर्चेला नाही. मुलीला एकटीला, रोजच्यासारख्या आवाजात सांगा, की मी वाचलं, तू मला सांगितलंस हे चांगलं केलंस, यात तुझी काही चूक नाही. 'मी कुणालाही सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. कदाचित सांगावं लागेल, आणि मग तिचा तुमच्यावरचाही विश्वास जाईल.

खोदून विचारू नका. तपास करणं आपलं काम नाही, आणि पुन्हा पुन्हा विचारल्यानं मुलाचं सांगणं बदलत जातं, हे वर सांगितलंच आहे. तिनं लिहिलेलं आहे तसं जपून ठेवा. मुख्याध्यापकांना विश्वासात घ्या. मूल धोक्यात आहे असं वाटलं, तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि फुकट आहे. मुलासाठी शिक्षकही फोन करू शकतात. आईला बोलावून घेतलंत तर वही तिच्यापुढे टाकू नका. घरी त्या मुलीचं काय होईल, हा विचार सगळ्यात आधी. आणि कधी एखाद्या लिखाणात लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली, तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. तिथे शाळेचं नाव, गावाची अब्रू असला विचार करायचा नसतो.

तुमच्यासारख्या दोन-तीन शिक्षिकांनी लिहिलंय, की हे असलं निघतं म्हणून आठवणीच नकोत. मला ते पटत नाही. ती मुलगी कपाटामागे लपतच होती, तुम्ही लिहायला सांगा किंवा न सांगा. फक्त सुरुवातीलाच वर्गाला एक नियम सांगून ठेवा : जे लिहाल ते मी वाचेन, बाकीच्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. कोपऱ्यात एक छोटी चांदणी काढली, की ते पान फक्त बाईंसाठी.

प्रश्न : मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमची मुलं दुसरी-तिसरीत इंग्रजीत स्वतःबद्दल पानभर लिहितात. मराठीत लिहायला सांगितलं की दोन ओळींवर थांबतात. शब्दच नाहीत म्हणतात.

त्यांना मराठीत घडलेली आठवण निवडायला सांगा. शाळेतली सॉकरची मॅच इंग्रजीत घडली, ती मराठीत आणताना प्रत्येक शब्द शोधावा लागतो. पण आजीनं व्हिडिओ कॉलवर काय विचारलं, बाबा चिडले की काय म्हणतात, भारतात गेल्यावर काकूनं ताटात पोळी वाढताना किती आग्रह केला, हे त्यांच्या कानात मराठीतच आहे. आधी ते एकच वाक्य लिहायला सांगा, बोललं तसं. मग त्याच्या आगेमागे काय झालं ते. मध्ये 'बॅकयार्ड' आलं तर देवनागरीत 'बॅकयार्ड' लिहू द्या. परसदार नंतर शिकवा.

प्रश्न : आमच्या शाळेत बालदिनाला 'आठवण-लेखन स्पर्धा' घ्यायचं ठरतंय. तीन बक्षिसं आहेत. परीक्षक म्हणून याल का?
(मुख्याध्यापक, सातारा जिल्हा)

शाळेत यायला मला आवडेल, पण परीक्षक म्हणून नको. कुणाचे बाबांचे बूट पहिले आणि कुणाची म्हैस तिसरी, हे मला ठरवता येणार नाही. आणि एकदा बक्षीस लागलं, की पुढच्या वर्षी सगळ्या वह्यांत पहिल्या नंबराची आठवण उतरलेली दिसेल. त्याऐवजी असं करा. प्रत्येक मुलाचं त्यानं स्वतः निवडलेलं एक पान घ्या, त्याच्याच अक्षरात. झेरॉक्स काढा, पाठकोरे कागद चालतील. सुई-दोऱ्यानं शिवून दोन-तीन प्रती करा. खर्च शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडा, फार येत नाही. एक प्रत वर्गाच्या पेटीवाचनालयात ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये दुसरीच्या मुलांना वाचायला द्या. बक्षिसाच्या पैशांतून पेन्सिली आणि कोऱ्या वह्या आणता येतील. तारीख कळवा, मी येते.